पाठीवरचा पडदा

"मारामारी अगदीच फुसकी आहे हो," बोंद्रेसाहेब बटणं दाबत म्हणाले. आमच्या सुपरहिरोच्या गेमला ते पैसे देणार होते. नाही म्हणाले असते, तर ऑफिसला टाळं.

"विनोदावर तरून जाईल, साहेब," मी म्हणालो. हिरोच्या तोंडचे विनोद मीच लिहिले होते. हिरोने ते एकामागून एक मारले. साहेबांची मिशीसुद्धा हलली नाही. शेवटी राक्षसिणीने हिरोला लोळवलं.

राक्षसिणीचा आवाज माझ्या आत्याचा. ठरलेली बाई आयत्या वेळी आली नाही, म्हणून आत्याला माइकसमोर बसवलं होतं. माझा कागद बाजूला सारून ती मनाचंच बोलली होती.

"पाठीला पडदा लावून निघालास कुठे? तिकडे खिडकी उघडी पडली!"

साहेब फिसकन हसले. पुन्हा खेळले, पुन्हा हरले.

"आकाशात उडता येतं, पण चपला जागेवर ठेवता येत नाहीत!"

मग साहेबांनी बटणांवरचे हातच काढले. हिरो मुकाट मार खातोय, आत्या बोलतेय आणि साहेब हसून हसून डोळे पुसतायत.

"साहेब, गेम जिंकायचा असतो!" मी वैतागून रिमोट घेतला आणि राक्षसिणीला आडवं केलं.

साहेबांचा चेहरा पडला. "हिलाच मारलंत? मग मी पैसे कशाला देऊ?"

तेवढ्यात मेलेली राक्षसीण बोलली, "झालं ना मारून? आता तो पडदा होता तिथे लाव."