दोनशेवीस अंश

पेटंट कार्यालयात अर्ज तपासणाऱ्या श्रीरंगला पंधरा दिवस एकाच अर्जाने पिडलं होतं. इंडक्शनवर तापणारी ई-सिगारेट. देशात विकायला बंदी, पण अर्ज आला म्हणजे तपासणं आलंच. आणि विचारायचं तरी कुणाला? घर असं निर्व्यसनी की मुलगी स्वरूपा चहाला शिवत नाही, आणि वडिलांनी, गुलाबरावांनी, गेल्या दिवाळीत बिडी सोडली ती सोडलीच.

रविवारी दुपारी, दिल्लीत द्वारकेतल्या फ्लॅटमध्ये जेवताना त्याने शेवटी घरच्यांपुढेच गाऱ्हाणं मांडलं. "म्हणे, आतली तंबाखूची कांडी बरोबर दोनशेवीस अंशांवर रोखून धरली की वाफ येते. आता हे खरं की खोटं, मला कळणार कसं?"

"बिल्कुल खोटं, बाबा," स्वरूपा ताटातून मान वर न करता म्हणाली. "दोनशेवीसला काहीच येत नाही यार."

श्रीरंगच्या हातातला घास हातातच राहिला.

 

"येते की," गुलाबराव शांतपणे वरणभात कालवत म्हणाले. "तू घाई करतेस. तुझ्या त्या वाफेच्या पेनवरचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं असतं."