मांजरपाट

"आप्पा, मांजरपाट द्या," छबुबाई म्हणाली, आणि वैजिनाथआप्पांच्या काळजात चर्र झालं.

बीडच्या एसटीतून उतरून ती तशीच थेट आप्पांच्या कापडाच्या दुकानात आली होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. तिची सून उज्ज्वला बीडच्या दवाखान्यात होती, हे सगळ्या तेलगावला ठाऊक होतं. तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही लेकरं बारशाआधीच गेली. दोघांचंही शेवटचं कापड याच दुकानातून गेलं होतं.

एरवी मांजरपाट म्हटलं की आप्पांच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं. त्या नावाची कुळकथा ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत. मांजराचा नि या कापडाचा काडीचा संबंध नाही. विलायतेतल्या मँचेस्टरहून गठ्ठे यायचे, ते नाव आपल्या लोकांच्या तोंडात घोळून घोळून मांजर झालं, असं त्यांचे वडील सांगायचे. खरंखोटं देव जाणे! गिऱ्हाईक मात्र हसायचं आणि वीतभर जास्तच न्यायचं. कुणी चक्का टांगायला, कुणी गोधडीच्या अस्तराला, कुणी बाळाच्या दुपट्याला. ज्याच्या घरात माणूस गेलेलं असायचं, तोही मांजरपाटच मागायचा. कफन हा शब्द दुकानात कुणी काढत नसे. चेहऱ्यावरून ओळखायचं आणि काही विचारायचं नाही, ही तिथली रीत.

आज आप्पांनी कुळकथा काढली नाही. फळीवरचं थान ओढलं, मीटरपट्टी बाजूला सारली आणि हातानंच माप घेतलं. केवढंसं ते माप! मयताच्या कापडाला कात्री लावत नाहीत. त्यांनी काठ दातात धरून तोडला आणि टर्रकन कापड फाडलं. कागदात गुंडाळून तिच्या पुढ्यात ठेवलं. 'या परत' असंही म्हणाले नाहीत. ते अशा वेळी म्हणतच नसत.

छबुबाई पुडकं घेऊन वळली, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"कवा गेलं वो लेकरू?"

"गेलं न्हाई," ती म्हणाली. "नात झालीय, आप्पा. काचंच्या पेटीत ठिवलीय. डाक्टर म्हनत्यात, आजची रात निभावली तर जगंल."

जिवंत लेकराच्या नावानं आप्पांनी मयताचं कापड फाडलं होतं, तेही स्वतःच्या हातानं. या हातांना काय म्हणावं? अख्खी हयात गादीवर घालवून आजच नेमकी बुद्धी गहाण पडली होती. ते चपला न घालताच पायरी उतरले.

"आना ते हिकडं, छबुबाई! लई मोठी चूक झाली माझी. मऊ मलमल देतो, कात्रीनं नीट कापून देतो. मला आधी सांगितलं कावून न्हाई?"

छबुबाईनं पुडकं छातीशी गच्च धरलं.

"सांगितलं असतं तर तुमी फाडलं असतं का?" ती म्हणाली. "मुद्दामच गप हुबी ऱ्हायले मी. आधीच्या दोगांना तुमच्याकडनंच मलमल नेलती, कात्रीनं कापल्याली. काय उपेग झाला? आता नर्सबाईच्या पाया पडीन, पन पोरीला ह्यातच गुंडाळीन."

रस्त्यावर बीडकडं जाणारी गाडी हॉर्न देत होती. छबुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि गाडीकडं निघता निघता म्हणाली,

"रातच्याला मरन आलंच, तर बघंल की पोरगी कफनात हाय. म्हनंल, हितलं काम आपन मागंच उरकलंय."