मागे पडलेला आवाज

"तुझ्याशी भांडायचं म्हणजे आदल्या दिवशीच सुरुवात करावी लागते," असे दिगंबरराव थट्टेने म्हणत, आणि त्यांचे हसून संपल्यावर कितीतरी वेळाने हेमलताबाई हसत.

हेमलताबाईंच्या मेंदूत बसवलेला कृत्रिम कान जुन्या बनावटीचा होता. दरवर्षी त्यात मोठे अपडेट येई. ते नाकारले तर कान कायमचा बंद पडणार होता. स्वीकारले की नव्या यंत्रांसाठी रचलेला भार जुन्या चिपला पेलत नसे आणि आवाज आणखी उशिरा ऐकू येई.

"जुन्या ग्राहकांना आम्ही वाऱ्यावर सोडत नाही, काकू," सेवा केंद्रातला तंत्रज्ञ गेल्याच आठवड्यात यंदाचे अपडेट टाकताना अभिमानाने म्हणाला होता. तेव्हापासून प्रत्येक शब्द मिनिटभर उशिरा येत होता.

आज घरात अंथरुणाला खिळलेल्या दिगंबररावांचे ओठ ऑक्सिजनच्या मास्कआड हलले, पण ते वाचता येईनात.

"थांबा हं, येईल एवढ्यात," भिंतीलगतच्या खुर्चीतून हेमलताबाई म्हणाल्या आणि सवयीने वाट पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत दिगंबररावांची छाती हलायची थांबली. बाहेरच्या खोलीतून डॉक्टर धावत आल्या. त्यांनी नाडी पाहिली, मास्क काढला आणि वळून त्या काहीतरी बोलल्या.

तेव्हा आवाज आला. "हेमा, इतक्या लांब काय बसलीस? जवळ ये ना."

डॉक्टरांचे शब्द अजून पोहोचायचे होते. तेवढाच काय तो वेळ उरला होता. हेमलताबाईंनी खुर्ची ओढून पलंगाला टेकवली. दिगंबररावांचा हात हातात घेत त्या म्हणाल्या, "आले, आले. बोला."