दोन दिवसांची ड्युटी

नवऱ्याचा निवडणूक भत्ता घ्यायला इंदुमती तहसील कचेरीत आली, तेव्हा त्याचं तेरावं होऊन आठवडाच झाला होता. घोरपडे गुरुजी केंद्राध्यक्ष म्हणून गेले आणि मतदानाच्या दिवशी पहाटे केंद्रावरच कोसळले होते.

कारकुनाने यादी पुढे केली. “वहिनी, ड्युटी दोन दिवसांची होती. पण दुसऱ्या दिवशी ते...” त्याने तिच्याकडे पेन सरकवला.

“एकाच दिवसाचा द्या. न केलेल्या कामाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत,” म्हणत ती सही करू लागली.

मागे रांगेत त्याच केंद्रावर काम केलेल्या शिंत्रेबाई होत्या. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “आदल्या दुपारी पेट्या उचलतानाच छातीत दुखतंय म्हणाले होते हो. आम्ही घरी जा म्हटलं, तर म्हणाले, ऐनवेळी माझ्या जागी कोण येणार?”

इंदुमतीच्या हातातला पेन थांबला.

“संध्याकाळी मी फोन केला होता,” ती म्हणाली. “मला म्हणाले, मजेत आहे. आणि मी दहा मिनिटं गॅस संपल्याची कुरकुर करत बसले.”