वळसा घालून आलेला फोन

"बंदी हाये म्हणजे काय? लेकराचं तोंड पाह्यलं तं त्यायच्या सरकारचं काय जाते?"

मैनाबाईंनी फोन काउंटरवर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. जफरनं हातातला दुरुस्तीसाठी खोललेला मोबाईल बाजूला केला.

"मावशी, बसा तं आधी."

"स्टूल कोठी नेला माहा?"

"हा काय, बाजूलेच तं हाये." त्यानं स्टूल ओढून दिला. बोरी अरब गावच्या बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानात काहीच जागेवर राहत नसे.

मैनाबाईंचा मुलगा जीवन तीन वर्षांपासून आखातात कामाला. तिथं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं पोचतं, बोलून पाठवलेला निरोप पोचतो, पण फोन लागत नाही. सरकारनंच बंद केलेला. रोज संध्याकाळी जीवनचा निरोप येई. मैनाबाईंचा अंगठा आपोआप जागेवर जाई आणि त्या तो तीनदा ऐकत. एकदा चहासोबत, एकदा जेवताना, एकदा अंथरुणावर. घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. टीव्ही होता, पण तो त्यांनी दोन वर्षांपूर्वीच पुतण्याला देऊन टाकला. त्यात पाहण्यासारखं असतंच काय, म्हणाल्या.

"फोटो तं धाडत असन तो," जफर म्हणाला.

"धाडते. पण तुही अकीला म्हणत होती, दर वेळेस तोच लाल शर्ट. आन् सहा महिने झाले, 'माय' म्हणताना त्याचा आवाज चिकटल्यावानी येते. काहीतरी हाये, जफर. मले तो चालता-बोलता पाह्यजे."

जफरकडं उपाय होता. अकीलाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ तिकडंच राहतो.

"व्हीपीएन म्हंतात त्याले. फोनचा रस्ता दुसऱ्याच देशातून वळवून आणाचा. तिकडच्या सरकारले वाटते, माणूस तिसरंच काही करून राह्यला."

या रस्त्यानं गावातल्या सहा-सात घरांत तोंडं दिसू लागली होती. उकंडाचा पोरगा तिकडून कापसाचा वजनकाटा पाही. उकंडा फोन काट्यासमोर धरून उभा राही आणि व्यापारी तेवढ्यापुरता देवमाणूस होई. संगीताच्या नवऱ्यानं तर लेकीचं बारसं तिकडून केलं, आणि नावावरून भांडलाही तिकडूनच.

"यात चोरी तं नाही ना?"

"पकडलं तं तिकडं दंड हाये," जफरनं सांगून टाकलं. दुरुस्त न होणारा फोन तो 'होईन' म्हणून कधी ठेवून घेत नसे.

मैनाबाईंनी काउंटरवरचा फोन त्याच्याकडं सरकवला. "मंग एकदाच. एकदा पाहू आन् बंद करू."

जफरनं जीवनला अ‍ॅप पाठवलं, ते कसं लावायचं तेही समजावलं. पहिल्या आठवड्यात जीवनचा फोन जुना निघाला. दुसऱ्या आठवड्यात नेट कमी होतं. तिसऱ्यात खोलीत माणसं होती. ज्याला लपायचं असतं त्याला सरकारची बंदी किती सोयीची पडते, ते जफरला तेव्हा कळलं.

मग मैनाबाईंनीच निरोप पाठवला. "जीवन, शुक्रवारी तुले सुट्टी असते. मी जफरच्या दुकानात बसून राहीन. दुकान बंद होईपर्यंत बसीन."

शुक्रवारी जफर नमाजहून परतला तेव्हा त्या शटरला हात लावून उभ्या होत्या. केस चापून बसवलेले, अंगावर नवं लुगडं. लुगडं उलटं नेसलं गेलं होतं, पण ते त्याला सांगवेना.

"फोन तू धर. माहा हात हालते," त्या म्हणाल्या. "आन् तूबी पाहाय. नीट पाहाय."

तीन वाजता फोन वाजला. जफरनं तो उचलला आणि त्याच्या तोंडचा सलाम तोंडातच राहिला.

जीवनचा डावा गाल गेला होता. कानापासून ओठापर्यंत कातडी मेणासारखी वितळून तिथंच गोठली होती. त्या बाजूचा डोळा अर्धा मिटलेला. तो नुसता आईकडं पाहत होता.

मैनाबाई फोनकडं तोंड करून हसल्या.

"अरे, तू तं तसाच हायेस रे! जराबी बदलला नाहीस."

जीवनचा ओठ हलला. "माय... तुले भेव नाही वाटलं?"

मैनाबाई एक क्षण थांबल्या.

"माह्या लेकराचं मले कायचं भेव?"

मग तो रडला. मोठ्यानं, शाळेतून मार खाऊन आल्यावर रडायचा तसा. मैनाबाईंनी त्याला रडू दिलं. मग जेवलास का, झोप लागते का, असं एकेक विचारत राहिल्या.

"आन् तो लाल शर्ट आता फेकून दे," त्या म्हणाल्या.

जीवनच्या अंगात पांढरं बनियन होतं. तो रडता रडता हसला. "माय, मले वाटे आता कोणालेच तोंड दाखवता येणार नाही. घरी यावंच वाटत नव्हतं. आता येतो मी. दिवाळीले येतो."

फोन बंद झाला. जफरनं बाहीनं डोळे पुसले. आईची नजर ती आईची नजर, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं, पण तो एवढंच म्हणाला, "मावशी, च्या सांगतो."

मैनाबाईंनी हात पुढं केला. तो आधी काउंटरला लागला, मग त्याच्या मनगटाला. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"च्या राहू दे, जफर. दोन वर्सं झाली, या डोयानं मले काहीच दिसत नाही. जीवनले सांगतलं असतं तं काम टाकून आला असता. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तुह्या दुकानात येऊन बसली. आता सांग, मले कायचं भेव वाटाले पाह्यजे होतं?"