जागं राहण्यासाठी

फगराशच्या डोंगरात स्की करताना स्मारांदाचा पाय मोडला. तिला बर्फात एकटीला सोडून मदत आणायला जाणं ऑक्टाव्हियनच्या जिवावर आलं होतं. थंडीत डोळा लागला, तर बायको पुन्हा उठायची नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"झोपू नकोस हं. इथले लांडगे झोपलेल्या माणसालाच धरतात," त्याने थाप मारली.

"हे आत्ता सांगतोस होय?" ती हसली खरी, पण तिचा चेहरा उतरला.

तो बचावपथक घेऊन परतला, तेव्हा धुकं दाटलं होतं. ती लवकर सापडावी म्हणून पथकाची दांडगी, करडी कुत्री त्यानेच पुढे सोडायला लावली.



कुत्री कड्याच्या टोकाशी शेपट्या हलवत उभी होती; मोडका पाय ओढत स्मारांदा सरपटत गेल्याची खूण तिथवर येऊन संपली होती.