चौथीच्या वर्गातला मुक्काम

वेंगणीची बुडालेली शाळा आता पाण्याखालचं हॉटेल झाली होती. जनार्दन गुरुजी नातीला, रेवाला, घेऊन आपल्याच चौथीच्या वर्गात मुक्कामाला आले. खिडकीच्या काचेपलीकडे मासे फिरत होते.

पलंगामागे मुलांचा जुना तक्ता होता. शाळेच्या फाटकापासून समुद्र किती पावलांवर, ते दर वर्षी मोजलेलं: दोनशे दहा, एकशे चाळीस, साठ. शेजारी फ्रेममध्ये सरकारी उत्तर: 'मुलांची पावले लहान असल्याने आकडे ग्राह्य धरता येत नाहीत.'

"सगळे याचा फोटो काढतात, काका. हसून हसून पुरेवाट," चहा ठेवत वेटर म्हणाला.

रेवा विचारात पडली. "पण आजोबा, पावलं लहान, म्हणजे समुद्र आणखीच जवळ ना?"

"हो बाळा," गुरुजी म्हणाले. "चौथीतल्या प्रत्येकाला ते कळलं होतं."